सांधा

तुरिनच्या जुन्या बाजारात, बंद घड्याळं आणि पितळी कुलपांच्या मधे,
मखमलीच्या तुकड्यावर तो पडला होता.
शार्कचा दात. अंगठ्याहून थोडा मोठा.
विकणारा म्हणाला, सहा कोटी वर्षं जुना. अस्सल.
मूळ शाबूत, टोक शाबूत,
असा सहसा मिळत नाही.

मिळत नाहीच.
आमच्या घरी ते तयार व्हायचे.

खुरिबगाच्या बाहेर, फॉस्फेटच्या खाणीने
ओकून टाकलेल्या राखाडी ढिगांमागे
माझा बाप बुअज्जा आधी सरळ खाली उतरायचा,
मग आडवा, पोटावर, घुशीसारखा.
कमरेला दोर. दोराच्या वरच्या टोकाला मी.
दोन हिसके म्हणजे बादली ओढ.
तीन हिसके म्हणजे मला ओढ.
तीन कधी आले नाहीत.
मी मात्र दुसऱ्या हिसक्यानंतर रोज थांबायचो.

इथं समुद्र होता, तो सांगायचा,
आणि मला हसू यायचं.
पाण्याचा टँकर गुरुवारी यायचा आमच्याकडे,
तोही आला तर.
पण बादलीतून समुद्रच वर यायचा,
मणके, खवले, दात,
आणि दात बहुतेक तुटलेले.
इतकी वर्षं मातीखाली पडून
कुणाचं तोंड धड राहतं?

अख्खा एकदाच मिळाला.
दलालापुढे बापाने दाताच्या कण्या केल्या
तेव्हा एक फ्रीज आला घरी,
दार न लागणारा.
त्यात आम्ही पाव ठेवायचो, उंदरांपासून.

संध्याकाळी आई पुढ्यात दोन पराती घेऊन बसायची,
एकीत मुळं, एकीत टोकं.
स्थळं बघतेय, म्हणायची.
हा रुंद आहे, ही नाजूक, नाही जमायचं.
याला तीच बरी, जरा पिवळी आहे, पण चालेल.
मग डिंक. त्यावर खाणीचीच धूळ.
किटलीत उरलेल्या चहाचा एक हात, रंग बसायला.
आणि सांधा ओला असतानाच
त्यावर अंगठा दाबायची.
भट्टीवर भाजलेला अंगठा,
मधोमध आडवी चीर पडलेला.

शाळेच्या कागदावरही तोच उठवायची, निळा.
मास्तर तो कागद वर धरून वर्गाला दाखवायचे
आणि मी बाकाखाली काहीतरी शोधत राहायचो.

माझा दुधाचा दात पडला तेव्हा
तिने मला छपरावर नेलं.
सूर्याकडे फेक, आणि म्हण,
घे गाढवाचा दात, दे हरणाचा.
मी फेकला. खाली पडल्याचा आवाज आला नाही.
बाप म्हणाला, कुणीतरी शोधेल तो,
असाच पोटावर सरपटत.
आई म्हणाली, टोक सांभाळून काढा म्हणावं.

तर, मखमलीवरचा तो दात मी उचलला.
उजेडाकडे धरला, जाणकारासारखा.
मूळ एका माशाचं, टोक दुसऱ्याचं,
दोघे एकमेकांना कधी भेटलेही नसतील.
मग डोळे मिटून सांध्यावरून बोट फिरवलं
आणि बोटाला चीर लागली. आडवी.

चाळीस युरो, तो म्हणाला.
जोडलेला आहे, एवढं म्हटलं असतं
तर पाचला सुटला असता.
मी चाळीस मोजले.
त्याने वर एक जुनं कुलूप फुकट दिलं,
किल्ली नसलेलं.

रात्री फोनवर आईला सांगितलं.
किती दिलेस?
चाळीस.
ती बराच वेळ हिशोब करत राहिली.
मला त्याचे आठ दिरहम मिळाले होते, म्हणाली,
आणि हसता हसता खोकली.
मग आवाज खाली आणून,
जसं कुणी ऐकत असावं,
सांधा दिसतो का रे?

नाही, मी म्हणालो.
दिवा मी केव्हाच मालवला होता.